सी भाषेत पहिला कॅल्क्युलेटर : सांगलीतल्या मुलांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

विश्रामबागेत संध्याकाळी मी सी शिकवते. पहिला महिना संपता संपता मुलांना कॅल्क्युलेटर लिहायला देते आणि त्याच रात्री फोनवर प्रश्न यायला लागतात. सांगली-मिरजेतली मुलं असतात, तासगावहून आणि जतहून ये-जा करणारी असतात, कुणी डिप्लोमाला, कुणी बीसीएला. प्रत्येकाची विचारायची पद्धत वेगळी असली तरी अडचणी वर्षानुवर्षं त्याच आहेत. त्या इथे एका जागी लिहिल्या.

बेरीज-वजाबाकी करणारा भाग जेमतेम चार ओळींचा असतो. तिथे फारसं कुणी अडत नाही. अडतात ते आकडे आत घेताना. समोरच्याने काय टाइप केलं, त्यातलं प्रोग्रॅमने किती उचललं आणि किती तसंच मागे राहिलं, हे ज्याला नीट दिसायला लागतं त्याचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एवढंच: कीवर्ड आणि फंक्शनची नावं आपण वर्गात उच्चारतो तशी दिली आहेत, आकडे मराठीत आहेत. टाइप करताना दोन्ही इंग्रजीतच करायचं. आकड्यांचं कारण प्रश्न २१ मध्ये आहे.

१. मॅडम, कॅल्क्युलेटर म्हणजे नक्की काय करायचं? बटणं वगैरे काढायची का?

नाही. बटणं, खिडकी, रंग हा वेगळा विषय आहे. आपला प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर चालतो. पहिली संख्या, चिन्ह आणि दुसरी संख्या घ्यायची, चिन्ह बघून हिशोब करायचा आणि उत्तर छापायचं. माहिती घेणं, निर्णय घेणं आणि निकाल दाखवणं ही तीन कामं पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये येतात, म्हणून सुरुवात इथून करतो.

२. इथे पूर्ण कोड का दिला नाही? जर्नलला हवा आहे.

कोड दिला की तो उचलून चिकटवला जातो आणि ओरलला "हे ॲम्परसँड कशाला?" असं विचारलं की मूल गप्प होतं. मी हे दरवर्षी बघते आणि वाईट वाटतं, कारण तेच मूल दोन तास बसलं असतं तर त्याला हे येत असतं. दुसरं कारण व्यवहारातलं आहे. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून उचललेल्या कोडमध्ये सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात. कंपायलरला, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमला, ती चालत नाहीत. मग ओळ डोळ्यांना बरोबर दिसते आणि एरर तर पाच-सहा येतात. सांगाडा प्रश्न ५ मध्ये शब्दांत दिला आहे, तो वाचून स्वतः टाइप करा.

३. कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी आहे. घरी पण तेच टाकू का?

घरी टाकू नका. बोरलँड कंपनीचं टर्बो सी १९८७ साली डॉसच्या जमान्यात आलं. नव्या विंडोजवर ते डॉसबॉक्ससारख्या आधाराशिवाय चालत नाही. त्याचा इंट १६ बिटांचा असल्यामुळे मोठे आकडे बिघडतात (प्रश्न १६). घरी जीसीसी हा कंपायलर टाका, लिनक्सवर ते सहज मिळतं आणि विंडोजवर मिंगडब्ल्यू किंवा कोडब्लॉक्सबरोबर येतं.

एक तयारी मात्र ठेवा. टर्बो सीमध्ये शिकलेलं कोनिओ हेडर आणि क्लिअरस्क्रीन, गेटसीएच ही फंक्शन्स सीच्या मानकात नाहीत, त्यामुळे घरच्या जीसीसीवर ती अडू शकतात. "व्हॉइड मेन"ऐवजी "इंट मेन" लिहा आणि शेवटी रिटर्न शून्य द्या. ते दोन्हीकडे चालतं.

४. घरी कॉम्प्युटर नाही. मोबाईलवर जमेल का?

जमेल. अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये क्लँग कंपायलर टाकता येतो. ब्राउझरमध्ये ऑनलाइन जीडीबीसारखी जागा उघडली तरी काम होतं. दोन गोष्टी सांभाळा. कीबोर्डचा आपोआप पहिलं अक्षर कॅपिटल करण्याचा पर्याय बंद करा, कारण सी भाषेत कॅपिटल मेन आणि स्मॉल मेन ही दोन वेगळी नावं आहेत. आणि आधी कोड वहीत लिहा. सहा इंची पडद्यावर कुठला कर्ली ब्रॅकेट कुठे बंद झाला ते शोधताना डोळे थकतात.

५. सांगाडा ओळीने सांगा.

सुरुवातीला एसटीडीआयओ हेडर इन्क्लूड करा. मग इंट मेन. आत दोन संख्यांसाठी डबल प्रकारची दोन व्हेरिएबल्स, उत्तरासाठी तिसरं आणि चिन्हासाठी कॅर प्रकारचं एक व्हेरिएबल घ्या. प्रिंटएफने विचारा, स्कॅनएफने घ्या: पहिली संख्या टक्का-एलएफने, चिन्ह टक्का-सीने, दुसरी संख्या पुन्हा टक्का-एलएफने. मग चिन्हावर स्विच. त्यात +, -, *, / असे चार केस, प्रत्येकात एक हिशोब आणि एक ब्रेक. पाचवा डिफॉल्ट, त्यात "हे चिन्ह मला माहीत नाही" असा संदेश. शेवटी उत्तर छापा आणि रिटर्न शून्य.

हे लिहून चालवा. पहिल्या फटक्यात चाललं नाही तर ते स्वाभाविक आहे. खालचे बहुतेक प्रश्न त्या पहिल्या फटक्यातूनच आलेले आहेत.

एक विसरू नका: डिफॉल्टमध्ये गेल्यावर उत्तराच्या व्हेरिएबलमध्ये काहीच ठेवलेलं नसतं. तरी खालची ओळ ते छापते आणि काहीतरी विचित्र आकडा दिसतो. म्हणून डिफॉल्टमध्ये संदेश दिल्यावर तिथूनच रिटर्न करा.

६. स्विच वापरू की इफ-एल्स?

दोन्ही बरोबर. एकाच अक्षराची चार-पाच ठरलेल्या चिन्हांशी तुलना असेल तर स्विच वाचायला सोपा पडतो. पण स्विच पूर्णांक आणि कॅरवरच चालतो, डबलवर किंवा शब्दांवर नाही. "बेरीज" असा शब्द टाइप करून घ्यायचा असेल तर इफ आणि स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या माळेची, तुलना करणारं फंक्शन लागेल.

केसमध्ये चिन्ह एकेरी अवतरणात लिहायचं. दुहेरी अवतरणात लिहिलं की ते अक्षर राहत नाही, स्ट्रिंग होते, आणि कंपायलर अडवतो.

७. ७ भागिले २ केलं तर ३ येतं. कॉम्प्युटर चुकतो का?

चुकत नाही. दोन्ही संख्या इंट असल्या तर सी पूर्णांकांचाच भागाकार करतो आणि दशांश टाकून देतो. जवळच्या पूर्णांकाला नेणं वेगळं, इथे सरळ छाटणी होते: उणे ७ भागिले २ चं उत्तर उणे ३ येतं, उणे ४ नाही.

यापुढचा सापळा असा. मुलं उत्तराचं व्हेरिएबल डबल करतात, संख्या मात्र इंटच ठेवतात, आणि उत्तर ३.०००००० येतं. भागाकार आधी होतो, तो दोन इंटमध्येच होतो, आणि निघालेला ३ नंतर डबलच्या भांड्यात ओतला जातो. भांडं मोठं केलं म्हणून सांडलेलं परत येत नाही. भागण्याआधीच एक तरी संख्या डबल हवी. हाच घोळ गुणाकारातही होतो, तो प्रश्न १६ मध्ये.

८. इंट, फ्लोट, डबल यातलं काय घेऊ? टक्का-एफ आणि टक्का-एलएफमध्ये गोंधळ होतो.

कॅल्क्युलेटरला डबल घ्या. फ्लोटमध्ये साधारण ७ अंकांपर्यंतच भरवसा असतो. फ्लोटमध्ये १६७७७२१७ ठेवून बघा, १६७७७२१६ छापलं जाईल. डबल साधारण १५ अंकांपर्यंत सांभाळून घेतो.

स्कॅनएफमध्ये फ्लोटला टक्का-एफ आणि डबलला टक्का-एलएफ, इथे फरक पाळावाच लागतो. डबलला चुकून टक्का-एफ दिलं तर आठ बाइटांच्या जागेत चारच बाइट लिहिले जातात आणि उत्तर भलतंच येतं. प्रिंटएफमध्ये मात्र टक्का-एफ दोघांनाही चालतं, कारण फ्लोट तिथे पाठवताना आपोआप डबल होतो. दोन दशांश हवे असतील तर टक्का आणि एफच्या मध्ये .२ लिहा.

९. पहिली संख्या टाकली की प्रोग्रॅम लगेच बंद पडतो. एरर तर एकही नव्हता.

स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधी ॲम्परसँड, म्हणजे & हे चिन्ह राहिलं असेल. स्कॅनएफला संख्या कुठे ठेवायची तो पत्ता हवा असतो. तुम्ही पत्त्याऐवजी व्हेरिएबलमध्ये आधीपासून पडलेली किंमत दिली, तर तो तिलाच पत्ता समजून तिकडे लिहायला जातो. मग ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅम थांबवते.

एरर आला नाही कारण सीच्या व्याकरणात ही ओळ बसते. जीसीसी चालवताना डॅश-डब्ल्यू-ऑल हा पर्याय द्या, मग तो इशारा देतो. माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून हा पर्याय सक्तीचा आहे, आणि इशारा असलेला प्रोग्रॅम मी तपासत नाही.

१०. पहिली संख्या घेतो, पण चिन्ह विचारून थांबतच नाही! लगेच "चुकीचं चिन्ह" म्हणतो.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सावकाश सांगते.

तुम्ही १२ टाइप करून एंटर दाबता तेव्हा प्रोग्रॅमकडे तीन अक्षरं जातात: १, २ आणि ओळ संपल्याची खूण. टक्का-एलएफ वाचणारा स्कॅनएफ १ आणि २ उचलतो, पुढचं संख्येत बसत नाही म्हणून थांबतो. ओळीची ती खूण रांगेत तशीच उभी राहते. मग येतो टक्का-सी. त्याला कोणतंही एक अक्षर चालतं. रांगेत पुढे उभी असलेली खूण तो उचलतो आणि चिन्ह मिळालं म्हणून मोकळा होतो. तुम्हाला टाइप करायची वेळच येत नाही. स्विचला ना + मिळतं ना -, तो डिफॉल्टमध्ये जातो.

उपाय एका स्पेसचा आहे. स्कॅनएफच्या अवतरणात टक्का-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडा. त्याचा अर्थ असा, की रांगेतल्या मोकळ्या जागा, टॅब आणि ओळीच्या खुणा आधी बाजूला कर आणि मग अक्षर घे. संख्या वाचताना हे करावं लागत नाही, कारण टक्का-डी आणि टक्का-एलएफ हे काम स्वतःहून करतात. टक्का-सी करत नाही.

काही जण एफ-फ्लश वापरून इनपुट साफ करायला सांगतात. सीच्या मानकात एफ-फ्लशचा अर्थ फक्त आउटपुटसाठी ठरलेला आहे. एखाद्या कंपायलरवर तो इनपुटलाही चालतो, दुसऱ्यावर नाही. लॅबमध्ये चाललेला प्रोग्रॅम परीक्षेच्या मशीनवर अडायला हे कारण पुरतं.

११. माझं उलट होतंय. संख्या देऊन एंटर मारला तरी पुढे सरकत नाही.

स्कॅनएफच्या अवतरणात टक्का-एलएफच्या नंतर स्पेस किंवा बॅकस्लॅश-एन लिहिलं असेल. प्रश्न १० चाच नियम इथे आड येतो: ती मोकळी जागा रांगेतल्या सगळ्या मोकळ्या जागा खात राहते आणि दुसरं काही दिसेपर्यंत थांबत नाही. बॅकस्लॅश-एन प्रिंटएफमध्ये शोभतं, स्कॅनएफच्या शेवटी नको.

१२. बेरीज सांगितली तरी उत्तर भागाकाराचं येतं.

ब्रेक विसरलात. स्विच योग्य केसवर उडी मारतो, पण तिथून खाली ब्रेक दिसेपर्यंत सगळ्या ओळी चालवतो. बेरीज झाली, मग त्याच व्हेरिएबलवर वजाबाकी, गुणाकार, भागाकार लिहिले गेले. शेवटी राहिला तो भागाकार.

इफ-एल्स वापरून कोणतंही चिन्ह दिलं तरी बेरीजच होत असेल तर मात्र कारण वेगळं. कंडिशनमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलंय. एक बरोबर म्हणजे "ही किंमत ठेव", दोन बरोबर म्हणजे "सारखं आहे का बघ".

१३. शून्याने भागलं की काय होतं? आणि तपासायचं कुठे?

इंट असतील तर सीच्या मानकात या कृतीला अर्थच दिलेला नाही. नेहमीच्या लिनक्स मशीनवर प्रोग्रॅम "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" असं म्हणून बंद पडतो. नावात फ्लोटिंग असलं तरी तो पूर्णांकांच्या भागाकाराचाच आहे, त्या नावामुळे मुलं भलतीकडे शोधत बसतात. डबल असतील तर प्रोग्रॅम बंद पडत नाही, अनंतासाठी "आयएनएफ" छापतो. शून्य भागिले शून्य केलं तर "एनएएन", म्हणजे ही संख्याच नाही.

तपासणी भागाकाराच्या केसच्या आतच करा. पुष्कळ जण संख्या घेतल्याबरोबर, सगळ्यांच्या वर तपासतात. मग ५ अधिक ० केलं तरी प्रोग्रॅम "शून्य चालत नाही" म्हणतो. बेरजेत शून्य अगदी चालतं.

१४. टक्केवारीसाठी % वापरलं तर भलतंच उत्तर आलं.

सीमध्ये % म्हणजे शेकडा नाही, भागाकार करून उरलेली बाकी. याचा उपयोग आपल्या गावच्या उदाहरणाने बघा. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी फूट-इंचांत मोजतात. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. समजा पाणी ६९० इंच आहे. ६९० भागिले १२ पूर्णांकात केलं की ५७ येतात, ते फूट. ६९० % १२ केलं की ६ उरतात, ते इंच. साडेसत्तावन्न फूट. २०१९ च्या महापुरात पाणी तिथपर्यंत चढलं होतं आणि वर्गातल्या बहुतेक घरांना ते आठवतं. प्रश्न ७ मध्ये ज्या छाटणीने त्रास दिला तीच इथे कामाला आली.

% दोन्ही बाजूला पूर्णांकच मागतं. डबलवर लावलं तर कंपाइलच होत नाही. तिथे मॅथ हेडरमधलं एफ-मॉड वापरा. बाकीला भाज्याचं चिन्ह येतं, म्हणून उणे ७ % ३ चं उत्तर उणे १.

शेकडा काढायचा असेल तर गुणून भागायचं. ६० पैकी ४५ गुण इंटमध्ये ठेवून आधी ४५ भागिले ६० केलं तर शून्य येतं, मग १०० ने कितीही गुणा. आधी १०० ने गुणा, मग भागा, ७५ येतील. आणि पडद्यावर % हे चिन्ह छापायचं असेल तर प्रिंटएफमध्ये ते दोनदा लिहा.

१५. २ ^ ३ केलं तर ८ यायला हवेत, १ आला.

ते चिन्ह घाताचं नाही. दोन संख्यांच्या बिटांची तुलना करणारं एक्स-ऑर आहे. द्विमान पद्धतीत २ म्हणजे १०, ३ म्हणजे ११, फरक शेवटच्या बिटात, म्हणून १. घातासाठी मॅथ हेडरमधलं पॉव वापरा. लिनक्सवर कंपाइल करताना शेवटी डॅश-एलएम द्या, नाहीतर लिंकर "पॉव सापडत नाही" म्हणू शकतो.

१६. मोठ्या संख्यांचा गुणाकार उणे येतो. कधी कधी तर लहानच येतो.

इंटची जागा संपली. आजच्या नेहमीच्या मशीनवर इंट ३२ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त २१४७४८३६४७. ५०००० गुणिले ५०००० म्हणजे अडीचशे कोटी, ते त्यात मावत नाहीत. बहुतेक ठिकाणी उणे १७९४९६७२९६ दिसतं. मानकाप्रमाणे तेही पक्कं नाही, काहीही होऊ शकतं.

टर्बो सीमध्ये मर्यादा फक्त ३२७६७. एका मुलाच्या घरी हळदीचा व्यापार आहे. त्याने ३५० क्विंटल गुणिले १५००० रुपये असा हिशोब घातला. उत्तर साडेबावन्न लाख यायला हवं होतं, आलं ७१२०. उणे आलं असतं तर लगेच कळलं असतं. ७१२० हा साधासुधा आकडा दिसतो आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. अशा उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी तोंडी अंदाज घ्यायची सवय लावा.

उपाय म्हणून लाँग लाँग घेता येतो, त्यात १९ अंकी संख्येपर्यंत जागा असते. पण फक्त उत्तराचं व्हेरिएबल लाँग लाँग करून भागत नाही, कारण गुणाकार आधी इंटमध्येच होतो. प्रश्न ७ मधलं भांडं आठवा.

१७. १५,००० असा स्वल्पविराम देऊन आकडा टाकला तर गोंधळ होतो.

होणारच. स्कॅनएफ १५ उचलतो, स्वल्पविराम दिसला की थांबतो. मागे राहिलेला स्वल्पविराम पुढचा टक्का-सी चिन्ह म्हणून घेतो. आपल्याकडे लाख-हजारांना स्वल्पविराम देण्याची सवय हिशोब लिहिणाऱ्या प्रत्येकाला असते, त्यामुळे वापरणारा चुकतोय असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला संदेशातच "स्वल्पविराम देऊ नका" असं सांगा. पुढे हात बसला की पूर्ण ओळ एफ-गेट्सने स्ट्रिंगमध्ये घ्या, स्वल्पविराम गाळा आणि एसटीआर-टू-डीने संख्या करा.

१८. एकदा हिशोब झाला की पुन्हा चालवायला लागतो. सारखा चालू कसा ठेवू?

सगळं डू-व्हाइलमध्ये घाला आणि शेवटी "आणखी करायचं का?" विचारा. किमान एकदा तरी हिशोब करायचाच असतो, म्हणून व्हाइलपेक्षा डू-व्हाइल इथे जास्त जुळतो. उत्तर टक्का-सीने घ्याल तेव्हा प्रश्न १० मधली स्पेस इथेही लागेल. विंडोजमध्ये फाइलवर डबल क्लिक केल्यावर खिडकी उघडून लगेच मिटते, ती तक्रारही याने जाते. प्रोग्रॅम संपला की खिडकी मिटते, एवढंच त्यामागे आहे.

१९. लूप टाकला, भावाने मुद्दाम अक्षर टाइप केलं, आणि पडदा धावत सुटला!

भावाचे आभार माना, त्याने खरी चाचणी घेतली. स्कॅनएफ संख्या शोधतो, अक्षर दिसतं, तो काहीच उचलत नाही. अक्षर रांगेत तसंच राहतं. लूप फिरून परत येतो, तेच अक्षर, पुन्हा काही नाही. हे थांबत नाही.

स्कॅनएफ किती गोष्टी यशस्वीपणे वाचल्या तो आकडा परत देतो. एक संख्या मागितली तर उत्तर १ आलं पाहिजे. नसेल तर गेट-कॅरने एक-एक अक्षर वाचून ओळ संपेपर्यंत फेकून द्या, "संख्या द्या" असा संदेश देऊन पुन्हा विचारा. फेकणाऱ्या लूपमध्ये ओळ संपल्याची खूण आणि ईओएफ (सगळं इनपुट संपल्याची खूण) दोन्ही तपासा, आणि गेट-कॅरचं उत्तर कॅरमध्ये न ठेवता इंटमध्ये ठेवा. ईओएफ ही अक्षरांच्या बाहेरची किंमत असते, कॅरमध्ये तिची ओळख पटेलच असं नाही.

इतकं ज्याने केलं त्याचा कॅल्क्युलेटर मी पूर्ण मानते.

२०. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ आहे का तपासलं, तर "नाही" आलं.

एरवी प्रिंटएफ सहाच दशांश दाखवतो म्हणून हे दिसत नाही. सतरा दशांश मागा, ०.३ नंतर पंधरा शून्यं आणि मग ४ दिसेल. एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३ असा न संपणारा, तसाच एक दशांश द्विमान पद्धतीत न संपणारा असतो. मशीन तो कुठेतरी तोडतं. म्हणून डबलची तुलना दोन बरोबर चिन्हांनी करू नका, फरक अगदी लहान आहे का ते बघा. पैशांचा हिशोब असेल तर रुपयांऐवजी पैसे धरून पूर्णांकात करा.

२१. संदेश मराठीत छापता येतील का? आणि मराठी आकडे?

संदेश येतील. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरंही साठवणाऱ्या पद्धतीत, सेव्ह करा. विंडोजच्या काळ्या पडद्यावर आधी सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा द्यावी लागते, तरीही काही फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात. टर्बो सीमध्ये हे होणार नाही.

आकड्यांचं तसं नाही. कोडमध्ये देवनागरी ५ लिहिला तर कंपायलर त्याला संख्या मानत नाही. वापरणाऱ्याने देवनागरीत ५ टाइप केला तर स्कॅनएफला ते अक्षर वाटतं आणि गोष्ट प्रश्न १९ वर जाते. मराठी आकडे घ्यायचेच असतील तर पूर्ण ओळ स्ट्रिंगमध्ये घेऊन ते स्वतः बदलावे लागतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांचा असतो, एका कॅरमध्ये मावत नाही. अवघड आहे, पण करण्यासारखं आहे. आजीला वापरता येईल असा कॅल्क्युलेटर कुणीतरी करावा असं मला मनापासून वाटतं.

२२. कोडमध्ये ०८ लिहिलं तर एरर येतो, ०७ ला येत नाही. असं का?

पुढे शून्य लावलं की सी ती संख्या अष्टमान पद्धतीतली समजतो. तिथे ८ हा अंकच नाही. ०१० लिहाल तर एररही येणार नाही, गुपचूप ८ होईल. वापरणाऱ्याने टाइप केलेल्या ०१० चं काय? टक्का-डी आणि टक्का-एलएफ तो दहाच वाचतात, टक्का-आय मात्र ८ वाचतो. म्हणून टक्का-आय वापरू नका.

२३. २ + ३ * ४ असं एकदम टाइप करून १४ यायला हवं.

आपला प्रोग्रॅम एका वेळी एकच चिन्ह घेतो, त्यामुळे हे त्याच्या बाहेरचं आहे. डावीकडून सरळ करत गेलात तर २० येईल, कारण गुणाकाराचा मान आधी हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

यासाठी संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६१ साली मांडलेली शंटिंग यार्ड ही रीत शिका. नाव रेल्वेच्या यार्डावरून आलंय. मिरज जंक्शनला डबे बाजूच्या रुळावर सरकवून गाडी हव्या त्या क्रमाने जोडताना ज्यांनी बघितलंय त्यांना चित्र लगेच उभं राहील. संख्या सरळ पुढे जातात, चिन्हं बाजूच्या रुळावर थांबतात. २ पुढे गेला, + बाजूला. ३ पुढे गेला. * आलं, त्याचा मान + पेक्षा मोठा, म्हणून तेही बाजूला, + च्या पुढे. ४ पुढे गेला. आता रूळ रिकामा करा: शेवटी आलेलं * आधी निघतं, मग +. क्रम झाला २ ३ ४ * +. तो वाचत ३ आणि ४ गुणले, १२ झाले, त्यात २ मिळवले, १४. बाजूचा रूळ म्हणजे स्टॅक, तो ॲरेने करता येतो. पहिल्या महिन्यात याच्या मागे लागू नका, पण स्टॅक शिकलात की हाच प्रोग्रॅम परत काढा.

२४. संख्या कमांड लाइनवरूनच देतो. बेरीज, वजाबाकी, भागाकार चालतात. गुणाकाराला "चुकीचे आर्ग्युमेंट" म्हणतो.

तुमच्या कोडमध्ये चूक नसेलही. लिनक्सच्या शेलसाठी, म्हणजे तुम्ही टाइप केलेली आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, सुटा * म्हणजे "या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स". तुम्ही ३ * ४ लिहिता, शेल * काढून तिथे फाइलींची नावं घालतो आणि मग प्रोग्रॅमला देतो. फोल्डरमध्ये सात फाइल्स असतील तर तीनऐवजी नऊ आर्ग्युमेंट मिळतात. खात्री करायची असेल तर सुरुवातीला सगळी आर्ग्युमेंट छापून बघा, तुमच्याच फाइलींची नावं दिसतील. * एकेरी अवतरणात द्या, किंवा त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या. नाहीतर गुणाकारासाठी इंग्रजी एक्स अक्षराचाही एक केस लिहून ठेवा आणि वापरणाऱ्याला तेच टाइप करायला सांगा.